संगणक ‘बंद’ असणे : एका दोषशोधनाचा आणि एका शब्दाचा इतिहास

१

मेजावरील संगणकाची कळ दाबली आणि काहीच घडले नाही, असा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही असा संगणक वापरणारा मनुष्य आज विरळाच. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याला जे वाक्य ऐकविले जाते, ते मराठीत बहुधा एकच असते : ‘संगणक चालू होत नाही.’ वाक्य लहान आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; परंतु त्याच्या पोटात निदान चार भिन्न अवस्था दडलेल्या असतात. यंत्रात जिवंतपणाची कोणतीच खूण न दिसणे, ही एक. पंखा क्षणभर फिरून थांबणे, ही दुसरी. पंखा अखंड फिरत असून पडदा काळा राहणे, ही तिसरी. पडद्यावर अक्षरे उमटूनही पुढील कार्यप्रणाली सुरू न होणे, ही चौथी. या चारही अवस्थांतील दोषाचे स्थान वेगवेगळे असते. बोलणारा मात्र चारही वेळा तेच वाक्य उच्चारतो.

हा घोटाळा केवळ वापरणाऱ्याच्या अज्ञानातून निर्माण झाला, असे मानणे बरोबर होणार नाही. त्याला इतिहास आहे. आयबीएमचा मेजावरील संगणक १९८१ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून १९९५ पर्यंत या यंत्राच्या बाबतीत ‘बंद’ या शब्दाचा जो अर्थ होता, तो त्यानंतर राहिला नाही. यंत्राची रचना पालटली. शब्द तोच राहिला, आणि शब्दाच्या आश्रयाने जुनी समजूतही टिकून राहिली. हा पालट कसा घडला आणि दोषशोधनाच्या रीतीवर त्याचा परिणाम काय झाला, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे. सुमारे २००५ साली, प्रस्तुत लेखक संशोधक विद्यार्थी असताना, विभागातील एक संगणक असाच एके दिवशी निमूट झाला. दक्षिण कोकणातील बोलीच्या सुमारे दोन वर्षांच्या नोंदी त्यात होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. यंत्र दुरुस्तीच्या एका दुकानात नेले, तेव्हा तेथून एक चिठ्ठी हाती आली. तिच्यावर इतकेच लिहिले होते : ‘डेड. मदरबोर्ड बदलणे.’ जुने यंत्र परत देऊन नवे घ्यावे, असा सल्लाही मिळाला. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे यथास्थळी सांगू. प्रथम यंत्राचा इतिहास पाहिला पाहिजे.

२

घरात येणारी वीज ही प्रत्यावर्ती असते. संगणकातील सूक्ष्म मंडलांना मात्र ५ व १२ व्होल्ट अशा अल्प दाबाचा एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारी पेटी म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग. जुन्या पद्धतीत या कामासाठी लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र वापरीत. ते वजनदार असे आणि त्यात उष्णताही पुष्कळ निर्माण होई. नव्या पद्धतीत आलेल्या विजेचे आधीच एकदिश प्रवाहात रूपांतर करून, तो प्रवाह दर सेकंदाला हजारो वेळा तोडला व जोडला जातो, आणि मग तो लहानशा रोहित्रातून जातो. ही कल्पना अवकाशयानांत व मोठ्या यंत्रांत १९६० नंतरच्या काळात वापरात आली होती. घरगुती संगणकात ती आणण्याचे श्रेय १९७७ सालच्या ‘ॲपल टू’ या यंत्राकडे जाते. त्याचा ३८ वॅटचा वीजपुरवठा रॉड होल्ट यांनी रचला होता, व त्याचे एकस्व त्यांना डिसेंबर १९७८ मध्ये मिळाले.

आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत या पेटीला ‘एसएमपीएस’ म्हणतात. ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ या शब्दांची ती आद्याक्षरे होत. त्यांतील ‘स्विच’ म्हणजे वापरणाऱ्याच्या बोटाखालचा स्विच नव्हे. पेटीच्या आत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा तो स्विच. नावातला हा खटका कोणाला दिसत नाही आणि हाताखालचा खटका नावात नाही.

आयबीएम कंपनीने आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्याचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. १९८३ च्या ‘एक्सटी’मध्ये तो १३० वॅटवर, तर १९८४ च्या ‘एटी’मध्ये १९२ वॅटवर गेला. पहिल्या यंत्राच्या उजव्या बाजूस, मागील अंगाला, एक मोठा लाल खटका होता. मराठीतील ‘खटका’ हा शब्द येथे नेमका लागू पडतो. कारण तो ध्वनीवरून बनलेला आहे, आणि तो लाल दांडा खरोखरच खट्‌ असा आवाज करी. तो खाली पाडला की भिंतीतून आलेली वीज प्रत्यक्ष तुटे. यंत्राच्या आत विजेचा लवलेशही उरत नसे. ‘बंद’ म्हणजे वीजरहित, ही समजूत त्या खटक्याच्या काळात शब्दशः खरी होती.

तथापि याच यंत्रात पुढील पालटाचे बीजही होते. वीजपुरवठ्याची पेटी सर्व दाब स्थिर झाल्यावर मदरबोर्डाकडे ‘वीज ठीक आहे’ अशा अर्थाचा एक संकेत पाठवी. तो संकेत येईपर्यंत कालस्पंद निर्माण करणारी ८२८४ ए ही चकती मुख्य प्रक्रियकाला आरंभस्थितीत धरून ठेवी. म्हणजे नुसती वीज पोहोचणे पुरेसे नव्हते. ती ठीक असल्याची ग्वाहीही पोहोचावी लागे. संकेत देणारी तार निकामी झाली, तर पंखा फिरे, दिवा लागे, आणि तरीही यंत्र निश्चेष्ट राही.

यापुढचा टप्पा आत्मपरीक्षेचा. सुरू होताच यंत्र आपल्या अवयवांची तपासणी करी, आणि निष्कर्ष ध्वनीने सांगे. एक ऱ्हस्व नाद म्हणजे सर्व ठीक. एक दीर्घ व दोन ऱ्हस्व म्हणजे पडद्याशी संबंधित भागात दोष. अखंड नाद, किंवा नादाचा पूर्ण अभाव, म्हणजे वीजपुरवठा अथवा मदरबोर्ड यांपैकी एकात बिघाड. लघु-गुरूंच्या या सांकेतिक रचनेत छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला कौतुक वाटावे असे काही आहेच. पण विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे मौनालाही अर्थ दिलेला होता. पाणिनीच्या व्याकरणात लोप ही जशी एक नोंद घेण्याजोगी घटना आहे, तसे संगणकाचे न बोलणे हेही दोषशोधकाला काही सांगत असते.

या काळातील दोषशोधनाची रीत सरळ होती. वीज आहे की नाही, तार बसली आहे की नाही, खटका वर आहे की नाही, पंखा फिरतो की नाही, नाद कोणता येतो, या क्रमाने पाहत जावयाचे. फसगतीच्या जागा थोड्या होत्या, पण त्या मुळावर येणाऱ्या होत्या. मदरबोर्डाला वीज देणारे दोन सहा-सहा दातांचे जोड असत. दोन्हींतील काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात, असा नियम होता. जोडांची अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जळून जाई. दुसरे असे की, त्या पेट्या काही भार असल्याशिवाय नीट चालत नसत. ज्या ‘एटी’ यंत्रांत हार्ड डिस्क नसे, त्यांत केवळ भार म्हणून आयबीएमने एक मोठा रोधक बसविला होता. त्यामुळे पेटी सुटी काढून तपासणारा मनुष्य कधी कधी चांगली पेटी निकामी ठरवी.

३

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणकविषयक धोरणाने आयातीवरील निर्बंध शिथिल झाले, आणि आयबीएमच्या रचनेबरहुकूम बनलेले संगणक कचेऱ्यांत व विद्यापीठांत येऊ लागले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड त्यांत बसविले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. मराठीच्या अभ्यासकांचा संगणकाशी पहिला परिचय पुष्कळ ठिकाणी याच मार्गाने झाला.

या यंत्रांबरोबर एक नवा अपघातही आला. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्टच्या आसपास असतो. आपल्याकडे तो २३० व्होल्ट असतो. म्हणून पेटीच्या मागे ११५ व २३० असे आकडे दाखविणारी एक लहानशी सरकती कळ असे. ती २३० वर असताना यंत्र अमेरिकेत लावले, तर ते केवळ सुरू होत नसे. इजा होत नसे. उलट, कळ ११५ वर असताना यंत्र आपल्याकडील भिंतीत खुपसले, तर मोठा आवाज होऊन पेटीतील कपॅसिटर फुटत. कारण ११५ च्या स्थितीत आतील मंडल आलेला दाब दुप्पट करीत असे. त्याला मुळातच दुप्पट दाब मिळाला की सुमारे ३२५ व्होल्टच्या जागी ६५० व्होल्ट निर्माण होत. पुढे कोणताही दाब आपोआप स्वीकारणाऱ्या पेट्या आल्या, आणि ही कळ हळूहळू नाहीशी झाली. मात्र जुने यंत्र हाती आले तर प्रथम त्या कळीकडे पाहावे, हा नियम आजही मोडू नये.

दुसरा भेद भिंतीचा आहे. आपल्याकडे प्रत्येक तीन-पिनी सॉकेटाशेजारी त्याचे स्वतःचे बटण असते. अमेरिकेत ते बहुधा नसते. म्हणून आपल्या घरात ‘बंद’ करण्याच्या निदान दोन जागा पूर्वीपासून आहेत : एक यंत्रावर आणि एक भिंतीवर. त्यांत एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण मिळविले तर तीन. यांपैकी एखादे झाडलोट करताना नकळत दाबले जाणे, हे ‘संगणक चालू होत नाही’ या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण असले, तरी ते सांगताना दुरुस्ती करणारा आणि ऐकताना मालक, दोघेही संकोचतात.

तिसरी गोष्ट भारनियमनाची. २००५ च्या आगेमागे महाराष्ट्राने त्याचा तीव्र अनुभव घेतला. वीज गेली म्हणण्याऐवजी आपण ‘लाइट गेले’ म्हणतो, आणि ती परतली की ‘लाइट आले’ म्हणतो. लाल खटक्याच्या काळात ‘लाइट आले’ की खटका वरच राहिलेला संगणक स्वतःहून सुरू होई. पुढील पिढीतील यंत्र मात्र, तशी आज्ञा आधी देऊन ठेवलेली नसेल तर, वीज परतल्यावरही निमूट बसून राही. जुन्या सवयीच्या माणसाला त्यामुळे ते बिघडले आहे असे वाटे.

४

हा पालट १९९५ चा होय. तत्पूर्वी १९८७ च्या ‘मॅकिन्टॉश टू’ या यंत्रात कळफलकावरील एका कळीने संगणक सुरू करण्याची सोय होती. पण सर्वसामान्य संगणकांत ती पद्धत रूढ झाली ती इंटेल कंपनीने जुलै १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एटीएक्स’ या रचनेमुळे. तिच्यातील महत्त्वाचा बदल एका वाक्यात असा सांगता येईल : वापरणाऱ्याच्या बोटाखालील कळ आता वीज तोडीत नाही, ती विनंती करते.

हे कसे, ते पाहू. एटीएक्स पेटीला भिंतीतून वीज मिळाली की तिचा एक लहान भाग तत्काळ जागा होतो, आणि जांभळ्या तारेतून मदरबोर्डाला ५ व्होल्टचा अल्प पुरवठा अखंड करू लागतो. वाड्यातील मंडळी झोपली तरी देवडीवरचा पहारेकरी जागा असावा, तसा हा प्रकार आहे. समोरची कळ दाबणे म्हणजे दिंडीची कडी वाजविणे. ती ऐकून मदरबोर्ड पेटीच्या हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो. ती खूण मिळताच पेटी आपले मुख्य प्रवाह सुरू करते. दाब स्थिर झाल्यावर, १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत, करड्या तारेतून ‘वीज ठीक आहे’ असा जुनाच संकेत पाठविते. आणि मग प्रक्रियकाचे काम सुरू होते. पूर्वी जेथे एक दांडा होता, तेथे आता चार उक्ति-प्रत्युक्तींचा संवाद आहे. त्यातील कोणतेही एक वाक्य हरवले तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच : काहीच घडत नाही.

याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘विंडोज ९५’ ही कार्यप्रणाली आली. लाल खटक्याच्या पिढीतील यंत्रांवर ती काम आटोपल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत संदेश देई की, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही. म्हणजे कार्यप्रणालीने आपले आवरले होते, पण खटका पाडण्याचे काम माणसाकडेच होते. नव्या रचनेत तो संदेश अनावश्यक ठरला. यंत्र स्वतःच मुख्य प्रवाह थांबवू लागले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात ‘बंद’ अवस्थेचे दोन स्पष्ट प्रकार सांगितले आहेत : एक सौम्य, ज्यात पहारेकरी जागा असतो, दुसरा यांत्रिक, ज्यात वीज खरोखर तुटलेली असते. कळ चार सेकंद दाबून धरली तर सौम्य बंद अवस्था सक्तीने आणता येते. यांत्रिक अवस्था मात्र मागचा खटका पाडून किंवा तार काढूनच येते.

चिन्हांचीही अशीच गत झाली. उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. आणि वर तुटलेल्या वर्तुळात शिरणारी रेघ म्हणजे ‘सज्ज, पण पूर्ण बंद नव्हे’, असा आंतरराष्ट्रीय संकेत होता. लोकांनी मात्र तुटक वर्तुळाला सरसकट ‘वीज’ असाच अर्थ दिला. अखेर २००४ च्या एका अमेरिकी मानकाने लोकांचीच रूढी मान्य करून झोपेसाठी चंद्रकोरीचे वेगळे चिन्ह सुचविले. शब्दाप्रमाणे चिन्हाचाही अर्थ वापरणाराच ठरवितो, याचे हे उदाहरण आहे.

५

या रचनेमुळे दोषशोधनाचा क्रम बदलला. अमुक भाग मेला आहे काय, हा पहिला प्रश्न राहिला नाही. संवाद कोठे तुटला, हा पहिला प्रश्न झाला. क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो.

प्रथम भिंत. त्याच सॉकेटात दिवा लावून वीज आहे याची खात्री करावी. मग तार, ती पेटीच्या मागे पूर्ण बसली आहे ना, आणि पेटीवरील खटका रेघेच्या बाजूस दाबलेला आहे ना, हे पाहावे. दुसरी पायरी पहारेकऱ्याची. पुष्कळशा मदरबोर्डांवर एक लहान दिवा असतो. वीज जोडताच तो लागला तर जांभळ्या तारेचा पुरवठा येत आहे, असे समजावे. दिवा नसेल तर मल्टिमीटरने पाहता येते, ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. हा पुरवठाच नसेल तर दोष बहुधा पेटीत असतो, आणि समोरची कळ कितीही वेळा दाबून उपयोग नसतो.

पहारेकरी जागा असूनही काही घडत नसेल, तर तिसरी पायरी कळीची. समोरच्या कळीतून येणाऱ्या दोन बारीक तारा मदरबोर्डावरील दोन दातांवर बसविलेल्या असतात. त्या काढून ते दोन दात क्षणभर पेचकसाने जोडले आणि यंत्र सुरू झाले, तर दोष केवळ कळीत आहे. चौथी पायरी पेटीच्या स्वतंत्र परीक्षेची : ती मदरबोर्डापासून सोडवून हिरवी तार काळ्या तारेला जोडली असता तिचा पंखा फिरतो का आणि १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ यांदरम्यान दाब दाखविते का, हे पाहावयाचे. पंखा फिरला म्हणजे पेटी निर्दोष, असे मात्र मानू नये. भार पडल्यावर कोसळणाऱ्या पेट्या पुष्कळ असतात.

यंत्र क्षणभर सुरू होऊन थांबत असेल, तर ते पेटीच्या दोषाचेच लक्षण असते असे नाही. कोठेतरी दोन तारांचा अवांछित संपर्क झाल्यामुळे पेटी स्वतःचे रक्षण करीत असण्याचा संभव असतो. अशा वेळी वीज काढून, एकेक भाग सोडवून पुन्हा पाहावे. पंखे अखंड फिरूनही पडदा काळा असेल, तर रॅम काढून पुन्हा बसविणे आणि प्रक्रियकाजवळचा १२ व्होल्टचा चार दातांचा जोड पाहणे, ही दोन कामे आधी करावीत. हा जोड २००० सालच्या सुधारणेत आला. मोठा जोड बसवून तो विसरला गेला, तर यंत्र जिवंत दिसते पण बोलत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पेटीच्या आतील कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो, आणि वीज काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. पेटीचे झाकण जाणकाराखेरीज कोणीही उघडू नये. इतर भागांना हात लावण्यापूर्वीही तार काढून कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे पहारेकऱ्याजवळची शिल्लक वीज निघून जाते. जुन्या समजुतीचा धोका येथेच असतो. ‘संगणक बंद आहे’ असे मनात म्हणत, तार न काढता रॅम उपसणारा मनुष्य जिवंत मदरबोर्डावर हात चालवीत असतो.

६

या इतिहासात एक साथीचे पर्वही आहे. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या मदरबोर्डांवर व पेट्यांत कपॅसिटर अकाली फुगून निकामी होण्याचे प्रमाण फार वाढले. हे कपॅसिटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, आत विद्युत्‌वाहक द्रव असलेले असत. काही तैवानी उत्पादकांच्या मालातील द्रवाचे मिश्रण सदोष होते. त्यातील पाण्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण होई आणि टोपी फुगे. सूत्राची चोरी अर्धवट झाल्यामुळे हे घडले, अशी कथा २००२ पासून सांगितली जाते; तिला निर्णायक पुरावा मात्र लाभलेला नाही. हानी मोठी होती. सदोष संगणकांच्या दुरुस्तीपोटी एकट्या डेल कंपनीने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा भार हिशेबात धरला.

दोषशोधनाच्या दृष्टीने या साथीचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर तिने दोष डोळ्यांनी दिसण्याजोगा केला : फुगलेली टोपी, कडेला साचलेला तपकिरी डाग. दुसरे असे की, तिने दुकानदारांना एक सवय लावली. संगणक सुरू होत नाही म्हटले की मदरबोर्ड गेला असणार, हे त्या वर्षांत इतक्या वेळा खरे ठरले की न पाहताही ते खरे मानले जाऊ लागले.

७

आता शब्दाकडे वळू. ‘बंद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ बांधणे. संस्कृतातील ‘बन्ध्’ या धातूचा तो सगोत्र होय. बाजूबंद, कमरबंद आणि बारा बंदांची बाराबंदी, या शब्दांत तो मूळ अर्थ शिल्लक आहे. त्यातून दार लावणे, दुकान मिटणे, घड्याळ थांबणे, बोलणे खुंटणे असे अर्थ विस्तारले. इंग्रजीतील ‘ऑफ’ हा शब्द दूर होण्याचा, विलग होण्याचा आहे; मराठीतील ‘बंद’ बांधण्याचा आहे. यातून एक विलक्षण विसंगती निर्माण झाली आहे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून वीज वाहते असा परिपथ. घरात ‘बंद’ म्हणजे ज्यातून वीज वाहत नाही असे यंत्र. एटीएक्स संगणकाची कळ दाबली की दोन तारांचा परिपथ क्षणभर ‘बंद’ होतो, आणि त्यामुळेच यंत्र ‘चालू’ होते.

मराठीची एक शक्तीही येथे सांगितली पाहिजे. आपण ‘बंद करणे’ आणि ‘बंद पडणे’ असा भेद करतो. पहिल्यात कर्ता आहे. दुसऱ्यात कर्ता नाही, घटना आहे. घड्याळ आपण बंद करीत नाही, ते बंद पडते. हा भेद इंग्रजीच्या ‘ऑफ’मध्ये नाही. परंतु यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी थांबणे, यंत्राने सज्ज राहून विसावणे, आणि यंत्रातील वीजच तुटणे, या तीन अवस्थांसाठी आपल्याजवळ वेगळे शब्द रूढ झाले नाहीत. दुरुस्तीच्या दुकानांनी ती गरज इंग्रजी शब्दांनी भागविली. तेथे ‘डेड’ आणि ‘नो डिस्प्ले’ असा भेद करतात. खूण मुळीच नसेल तर पहिले, पंखे फिरत असतील तर दुसरे. हा भेद उपयुक्त आहे. पण ‘डेड’ या शब्दाने एक अनर्थ केला. तो लक्षणाचे नाव म्हणून आला आणि निदान होऊन बसला. मेलेल्याची चौकशी कोणी करीत नाही.

विभागातील त्या संगणकाचे असेच होणार होते. चिठ्ठी हाती घेऊन यंत्र परत आणले, तेव्हा शेजारच्या विज्ञान विभागातील एका प्रयोगशाळा साहाय्यकांनी ते पाहिले. त्यांनी ‘डेड’ हा शब्द ऐकून घेतला आणि विचारले, “आतला दिवा लागतो का?” आमच्यापैकी कोणीही पेटीच्या आत पाहिले नव्हते. झाकण काढून वीज जोडली, दिवा लागला. त्यांनी समोरच्या कळीच्या दोन तारा उपटल्या आणि पेचकसाचे टोक दोन दातांवर टेकविले. पंखा फिरला, एक ऱ्हस्व नाद झाला, पडदा उजळला. मोडली होती ती कळ, दहा-वीस रुपयांची. मदरबोर्डाला काहीच झाले नव्हते.

नोंदी वाचल्या. त्या काळी आमचा मजकूर युनिकोडमध्ये नसून एका विशिष्ट टंकाच्या सांकेतिक क्रमात होता, आणि तो टंकही त्याच यंत्रात होता; म्हणून यंत्र गेले असते तर मजकुराचे वाचनही कठीण झाले असते. ज्या वृद्ध भाषकांकडून त्या नोंदी घेतल्या होत्या त्यांपैकी काही जण तोवर निवर्तले होते. ते शब्द पुन्हा कोणाला विचारता आले नसते. येथे आमचा स्वतःचा दोष लपवून चालणार नाही. दुसरी प्रत ठेवली नाही, हा दोष दुकानदाराचा नव्हता. शिवाय मदरबोर्ड खरोखर गेला असता तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात वाचता आली असती, हेही आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते. यंत्र गेले म्हणजे लेखनही गेले, ही समजूतही ‘डेड’ या शब्दाचीच देणगी.

८

सारांश, मेजावरील संगणक सुरू न होणे या साध्या तक्रारीमागे दोन पिढ्यांच्या यंत्रांचा इतिहास उभा आहे. १९८१ च्या खटक्याच्या काळात बंद म्हणजे वीजरहित, आणि दोष म्हणजे वीज न पोहोचणे, इतका सरळ हिशेब होता. तरी तेव्हाही ‘वीज ठीक आहे’ या संकेताची गरज होतीच. १९९५ नंतर कळ ही विनंती झाली, बंद अवस्था दुहेरी झाली, आणि दोषशोधन हे संवादाच्या तुटलेल्या जागेचा शोध घेण्याचे काम झाले. भाषेने हा बदल अद्याप पुरतेपणी नोंदविलेला नाही.

नवे शब्द घडवून ते लोकांच्या गळी उतरविण्याचा आग्रह प्रस्तुत लेखकाचा नाही; तसे शब्द टिकत नाहीत. सूचना एवढीच आहे की, तक्रार सांगताना निदान न सांगता लक्षण सांगावे. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, नाद येतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘चालू होत नाही’ या वाक्यापुढे जोडली, तर दुरुस्ती करणाऱ्याचे काम निम्मे होते आणि निरोगी यंत्राला मृत्यूचा दाखला मिळण्याचा संभव कमी होतो. क्षेत्रकार्यात भाषकाचे वाक्य जसेच्या तसे टिपावे आणि अर्थ मागाहून लावावा, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. ती शिस्त आपल्या मेजावरील यंत्राच्या बाबतीतही पाळावी, आणि नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.